भिंतीवरच्या चार ओळींना वाली हवा

लंडनच्या हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू या घरावर विनायक दामोदर सावरकरांच्या नावाचा फलक आहे. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस इथे लोकमान्य टिळकांचा आहे. दोन्ही फलकांवर वर्णन एकच: भारतीय देशभक्त आणि तत्त्वचिंतक. या दोघांच्या विचारांत आणि कार्यपद्धतीत किती अंतर होतं यावर मराठीत भरपूर लिहून झालंय आणि वाद अजून संपलेला नाही. फलकांनी मात्र दोघांना एकाच साच्यातून काढलं. टिळकांच्या फलकावरून ते १९१८-१९ मध्ये तिथे राहत होते एवढं तरी कळतं. सावरकरांच्या फलकावर ते इथे राहिले इतकंच आहे. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेलं ‘इंडिया हाउस’ ते हेच, हे सांगायचं राहून गेलं. विशेषणाला जागा मिळाली, घराला मिळाली नाही.

शहराच्या मध्यवर्ती भागातल्या जुन्या इमारतींवर ऐतिहासिक फलक लावायची मोहीम निघाली की चर्चा आकार, रंग, अनावरण कोणाच्या हस्ते यावरच रंगते. मजकूर शेवटच्या आठवड्यात कोणीतरी लिहून देतं. हे उलटं आहे. लावणाऱ्यांच्या मनात गौरव असला तरी रस्त्यावरून जाणारा माणूस फलक पुरावा म्हणून वाचतो. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, वार्ताहर त्यावरून बातमी करतात, मार्गदर्शक पर्यटकांना तेच सांगतात. चुकीचा लेख वर्षभरात विसरला जातो; ओतीव धातूतली चूक पन्नास वर्षं खरी ठरत राहते. म्हणून ज्या फलकामागे कागदपत्रांची फाइल नाही आणि त्या फाइलीला उत्तरदायी असं कोणी नाही, तो फलक लावू नये. भिंत रिकामी राहिलेली बरी.

फाइलीत काय हवं? दोन स्वतंत्र आधार, आणि त्यातला किमान एक त्या काळातला. खरेदीखत, मिळकतीच्या नोंदी, घरपट्टीची जुनी रजिस्टरं, बांधकाम परवाना, तारीख असलेला नकाशा, त्या वर्षीचं वर्तमानपत्र, छायाचित्र. अमेरिकेतल्या शहरांसाठी सॅनबोर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे फार कामाला येतात, कारण त्यांत प्रत्येक इमारतीचं बांधकाम साहित्य, मजले आणि वापर नोंदलेला असतो. न्यूयॉर्क राज्यात फलकांना पैसा पुरवणारी पोमेरॉय फाउंडेशन ही संस्था अर्जासोबत मूळ, समकालीन कागद मागते. नंतर कोणीतरी लिहिलेल्या स्मरणिकेवर भागवत नाही. हा नियम कुठेही जशाच्या तसा उचलण्यासारखा आहे. स्मरणिकाच एकमेकींवरून लिहिलेल्या असतात. पाच स्मरणिकांत एकच तारीख सापडली म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. बऱ्याचदा ती एकच चूक पाच वेळा छापलेली असते.

नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली वर्षाची. पायाभरणी, बांधकाम पूर्ण होणं आणि उद्घाटन या तीन तारखांमध्ये सहज पाच-सात वर्षं जातात आणि फलकावर नुसतं ‘बांधकाम’ म्हणून त्यातली एक येते. दुसरी, संस्थेचं वय इमारतीला चिकटवणं. शाळा जुनी असते, पण या इमारतीत ती तिसऱ्या स्थलांतरात आलेली असते. तिसरी चूक घरक्रमांकाची, आणि ती सगळ्यांत फसवी. शहरं वाढली की रस्त्यांची नावं बदलतात, क्रमांक नव्याने दिले जातात. जुन्या पत्रावरचा ‘क्रमांक १२’ आजचा क्रमांक १२ असेलच असं नाही. दोन्ही काळांचे नकाशे एकमेकांवर ठेवून कोपऱ्यापासून घरं मोजल्याशिवाय याची खात्री होत नाही. चौथी, ‘पहिला’, ‘सर्वांत जुना’, ‘एकमेव’. हे शब्द खोडून काढावेत असंच माझं मत आहे. ‘पहिला’ सिद्ध करायला त्याच्या आधी कोणी नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि ‘नव्हतं’चे कागद क्वचितच मिळतात.

इमारत पाडून नवी उभी राहिली असेल तर ‘या जागी’ म्हणावं, ‘या वास्तूत’ म्हणू नये. लंडनच्या निळ्या फलकांच्या अधिकृत योजनेत ही अट कडक आहे. माणूस ज्या इमारतीशी जोडलेला होता ती उभी असली पाहिजे आणि आज त्याने पाहिली तर त्याला ओळखता आली पाहिजे. शिवाय मृत्यूला किमान वीस वर्षं झालेली असावीत. योजना जुनी आहे. १८६३ मध्ये विल्यम युअर्ट या खासदाराने संसदेत कल्पना मांडली, १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने ती हाती घेतली. पुढे लंडन काउंटी कौन्सिल, ग्रेटर लंडन कौन्सिल आणि १९८६ पासून इंग्लिश हेरिटेज अशी ती हातांतून हातांत गेली. आज टिकून असलेला सर्वांत जुना फलक १८६७ चा, किंग स्ट्रीटवरच्या तिसऱ्या नेपोलियनच्या घरावरचा. (इथे ‘सर्वांत जुना’ चालतो, कारण सगळ्या फलकांची नोंद एका ठिकाणी आहे.) गंमत अशी की तो लागला तेव्हा हा नेपोलियन जिवंत होता आणि फ्रान्सच्या गादीवर होता. तीन वर्षांनी गादी गेली. वीस वर्षं थांबायचा नियम अशा वेळी किती शहाणपणाचा ठरतो हे निराळं सांगायला नको, आणि जिवंत पुढाऱ्यांची नावं कोरायला उतावीळ झालेल्या प्रत्येक नगरपालिकेने तो भिंतीवर टांगावा.

कवी बायरनच्या जन्मघरावरही १८६७ मध्येच फलक लागला होता. १८८९ मध्ये ते घर पाडलं गेलं आणि फलकही गेला. फलकाने इमारत वाचते असा समज अजूनही पक्का आहे, तो काढून टाकायला हवा. लंडनच्या निळ्या फलकाने इमारतीला कायद्याचं कोणतंही संरक्षण मिळत नाही. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, पण त्या नोंदवहीत नाव असलेली खासगी इमारत मालकाला स्वतःच्या पैशाने पाडायची असेल तर केंद्र सरकार अडवत नाही. अडवायची ती स्थानिक कायद्याने. दारावर लावलेली ब्राँझची पाटीदेखील सरकार देत नाही, मालक विकत घेतो. टेक्सासमध्ये फरक स्पष्ट ठेवला आहे. तिथे साधा विषय सांगणारा फलक वेगळा आणि ‘नोंदलेली ऐतिहासिक वास्तू’ हा दर्जा वेगळा. हा दर्जा मिळाला की बाहेरच्या भागात बदल करण्याआधी राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. साठ दिवस म्हणजे फार नाही, पण तेवढ्यात वर्तमानपत्रात बातमी येते, कोणीतरी पर्यायी आराखडा मांडतं.

तेव्हा इमारतीला कोणता दर्जा आहे आणि कोणता नाही, हे फलकावर नाही तरी त्याच्या नोंदीत लिहिलेलं असावं. पाडकामाची परवानगी देताना ‘विकासकाने दर्शनी भागात स्मृतिफलक लावावा’ अशी अट घालून मोकळं होण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. तो फलक इतिहासाचा नसतो, परवानगीच्या पावतीचा असतो.

आता भिंतीकडे. इतिहासकार मंडळी या भागाकडे कंत्राटदाराचं काम म्हणून पाहतात आणि मग इमारतीचा मान राखायला लावलेला फलकच तिला इजा करतो.

जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंतीत छिद्र पाडायचं तर दगडात पाडू नये, दरजेत पाडावं. दरज म्हणजे दोन दगडांमधला चुन्याने भरलेला सांधा. फलक उद्या काढला तर दरजेतलं छिद्र चुन्याने भरून निघतं, दगडातलं कायमचं राहतं. त्यासाठी आधी भिंतीवरच्या दरजांचं अंतर मोजून मग फलकाची भोकं ठरवावी लागतात. कारखान्यातून चार कोपऱ्यांना चार भोकं पाडून आलेला फलक दरजांवर कधीच नीट बसत नाही. ड्रिलचा हातोडी-ठोका बंद ठेवावा, नाहीतर टेराकोटा आणि मऊ दगड आतून तडकतात. छिद्र भरताना सिमेंट वापरू नये. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि कमी श्वास घेणारं असतं. भिंतीतला ओलावा मग सांध्यातून बाहेर न पडता दगडातून बाहेर पडू लागतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. साधं सिलिकॉनही टाळावं, कारण सच्छिद्र दगड त्यातलं तेल शोषतो आणि फलकाभोवती काळसर कडा उमटते, जी घासून जात नाही.

खिळे आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. समुद्राजवळच्या शहरात ३१६ प्रतीचे, कारण खाऱ्या हवेत ३०४ प्रतीच्या पोलादालाही डाग पडतात. साध्या लोखंडाचा विचारही करू नये. लोखंड गंजताना फुगतं, कित्येक पट जागा मागतं आणि दगडाचा कोपरा फोडून बाहेर येतं. जुन्या इमारतींच्या दर्शनी भागात अचानक पडलेल्या भेगांच्या मागे बऱ्याचदा कधीतरी ठोकलेली लोखंडी खुंटीच निघते. ॲल्युमिनियमचा फलक असेल तर स्क्रू आणि फलक यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर दोन धातू ओल्या हवेत एकमेकांना खातात. ब्राँझ टिकाऊ, पण त्यातल्या तांब्याचे क्षार पावसाबरोबर ओघळतात आणि खालच्या चुनखडीवर किंवा संगमरवरावर हिरवट रेघ उमटते. पांढऱ्या दगडाच्या इमारतीवर ब्राँझ लावण्याआधी दोनदा विचार करावा, आणि लावलाच तर मागे पाच-दहा मिलिमीटरची फट ठेवावी. फट नसेल तर मागे पाणी साचतं. ब्राँझला भंगारात भाव असल्यामुळे तो चोरीलाही जातो. डोक्याला खाच नसलेले, सहज न फिरणारे स्क्रू थोडा अडथळा करतात, एवढंच.

एनॅमलचा पत्रा देखणा असतो, पण कडेचा टवका उडाला की आतल्या पोलादाला गंज चढतो. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर रंग भरलेली अक्षरं उद्घाटनाच्या दिवशी शोभतात. दुपारी त्यात समोरचा रस्ता दिसतो, मजकूर दिसत नाही, आणि काही वर्षांनी खाचेतला रंग निघतो. ॲक्रिलिकवर चिकटवलेली छपाई उन्हात लवकर उडते. लंडनचा निळा फलक भाजलेल्या मातीचा, ४९५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि भिंतीत थोडा आत बसवतात. तो पावसाने आपोआप धुतला जातो, पण बसवायला भिंत खणावी लागते, म्हणून प्रत्येक इमारतीला तो योग्य नाही.

उंचीबद्दल भांडणं होतात. पदपथावर उभ्याने वाचायच्या फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे १.४ ते १.५ मीटरवर असला तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही तो वाचता येतो. भिंतीपासून पुढे आलेला भाग जपावा. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांनुसार जमिनीपासून २७ ते ८० इंच या पट्ट्यात चार इंचांपेक्षा (सुमारे १०० मिलिमीटर) अधिक बाहेर आलेली वस्तू चालत नाही, कारण आंधळ्या माणसाच्या काठीला ती लागत नाही, कपाळाला लागते. जागा ठरवताना दार उघडल्यावर फलक झाकला जातो का, समोर गाड्या उभ्या राहतात का, वातानुकूलन यंत्राचं पाणी त्यावर पडतं का, हे सकाळ-संध्याकाळ जाऊन पाहावं. कोरीव कामावर, कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या दगडावर किंवा मूळ कोनशिलेवर फलक लावणं हा गुन्हा मानावा.

देवनागरीसाठी आणखी काळजी लागते, आणि रोमन अक्षरांसाठी बनवलेले साचे वापरणारे ओतकाम करणारे ती घेत नाहीत. मात्रा, वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. जोडाक्षरांच्या पोकळ्या लहान असतात, ओतताना धातू त्यात भरतो आणि ‘द्ध’ चा नुसता गोळा होतो. बारीक शेंड्यांचा छपाईचा टंक टाळावा, जाड आणि समान रेघेचा घ्यावा, उठाव दोन-तीन मिलिमीटर ठेवावा. अनुस्वार वेगळे तपासावेत. ते रंगाखाली गडप होतात किंवा साच्यातच सुटतात, आणि मग तारीख बरोबर असूनही वाक्य चुकतं. तीन मीटरवरून वाचायच्या नावाला सुमारे २५ मिलिमीटर उंची पुरते, जवळून वाचायच्या मजकुराला १० ते १२.

मजकूर एका भाषेत साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त नको. पहिल्या वाक्यात इथे काय घडलं आणि कधी, हे यावं. मग बांधणाऱ्याचं आणि आराखडा करणाऱ्याचं नाव, इमारतीत नंतर झालेला मोठा बदल, आणि तळाशी लावणारी संस्था, वर्ष आणि नोंद क्रमांक. ‘यांच्या शुभहस्ते’ला जागा नाही. त्या नावांची हौस अनावर असेल तर कार्यक्रमपत्रिका छापावी. ओतायला देण्याआधी मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून भिंतीवर चिकटवावा, आणि समितीबाहेरच्या एकाला तो मोठ्याने वाचायला लावावा. आकडे उलट क्रमाने तपासावेत. १८७८ आणि १८८७ यांतली अदलाबदल नजरेतून सहज सुटते.

सगळ्यांत अवघड भाग वादग्रस्त मजकुराचा. ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या एडवर्ड कोल्स्टनच्या पुतळ्यावर १८९५ चा फलक होता आणि त्यात तो शहराच्या सर्वांत सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्रांपैकी एक असं म्हटलं होतं. २०१८ मध्ये दुसरा, दुरुस्ती करणारा फलक लावायचं ठरलं. मसुद्यावर मसुदे झाले, कोणी शब्द मऊ केले, कोणी आकडे काढले. २०१९ मध्ये महापौरांनी तो सौम्य मजकूर नाकारला आणि काम तिथेच थांबलं. ७ जून २०२० ला जमावाने पुतळा पाडून बंदरात ढकलला. नवा फलक लागला असता तर पुतळा वाचला असता असं कोणी म्हणू शकत नाही. पण मजकुराची किंमत केवळ चांगल्या शब्दांवर नसते, तो किती उशिराने ठरतो यावरही असते, हे त्यातून दिसतं.

जुना खोटा फलक काढावा की शेजारी दुसरा लावावा? दोन्हींना उदाहरणं आहेत. दिल्लीच्या ‘रिज’ टेकडीवर १८५७ नंतर इंग्रजांनी उभारलेल्या स्मारकावर, आजच्या अजितगडावर, बंडवाल्यांना ‘शत्रू’ म्हटलं होतं. १९७२ मध्ये त्याच स्मारकावर नवा फलक बसला: लेखांतले हे ‘शत्रू’ म्हणजे परकी सत्तेविरुद्ध उठलेले, स्वातंत्र्यासाठी शौर्याने लढलेले लोक. जुना मजकूर जागेवर राहिला आणि वाचकाला दोन्ही पक्ष दिसतात. याउलट टेक्सास राज्याच्या विधिमंडळ इमारतीत १९५९ चा एक फलक होता आणि यादवी युद्धाचं मूळ कारण गुलामगिरी नव्हतं असं त्यात सांगितलं होतं. तो जानेवारी २०१९ मध्ये काढला गेला. फरक असा करता येईल: जुना लेख त्या काळच्या माणसांचं मत सांगत असेल तर तो ठेवून शेजारी उत्तर द्यावं, पण तो वस्तुस्थितीबद्दल खोटं सांगत असेल आणि त्याच्यावर सार्वजनिक संस्थेचा शिक्का असेल तर काढून संग्रहात ठेवावा, चित्र आणि कारणासह. खोट्याच्या शेजारी खरं लावल्याने वाचणाऱ्याला दोन मतं दिसतात, तर प्रत्यक्षात एक वस्तुस्थिती आणि दुसरी चूक असते.

विरोधाचा मुद्दा दरवेळी शब्दांचा असतोच असं नाही. जर्मन कलाकार गुंटर डेमनिग यांचे पितळी स्मृतिदगड, १०×१० सेंटिमीटरचे, नाझींनी नेलेल्या माणसांच्या शेवटच्या घरासमोर पदपथात बसवतात: इथे राहत होते, नाव, जन्मवर्ष, नेल्याचं वर्ष, पुढे काय झालं. विशेषण एकही नाही. २०२३ मध्ये अशा दगडांची संख्या एक लाखावर गेली. तरी म्युनिकने २००४ मध्ये सार्वजनिक पदपथावर ते बसवायला नकार दिला, कारण मृतांची नावं पायाखाली येणं तिथल्या काहींना अपमान वाटतं. पुढे त्या शहराने भिंतीवरचे फलक आणि उभे स्तंभ असा मार्ग काढला. मजकुरासोबत जागाही संबंधितांना विचारून ठरवायची, हा धडा तिथल्या वादातून घेता येतो. मालकाची लेखी संमती तर हवीच; त्यात फलक कोणाच्या मालकीचा, इमारत विकली तर काय, दुरुस्तीच्या वेळी कोण काढणार आणि परत लावणार हे लिहिलेलं असावं.

नोंदवही हा या सगळ्याचा कणा. प्रत्येक फलकाला क्रमांक, नेमकं स्थान, शब्दशः मजकूर, आधारांच्या प्रती, संमतिपत्र, धातू, लावल्याची तारीख, छायाचित्र. क्यूआर कोड लावायचाच असेल तर तो स्वतःच्या नियंत्रणातल्या पत्त्यावर न्यावा. बाहेरच्या सेवेवर टाकलेला दुवा काही वर्षांत मरतो आणि फलकावर निरर्थक चौकोन उरतो. तो खरडला गेला तरी कळावं म्हणून खाली नोंद क्रमांक अक्षरांत हवाच. देखभाल फार नसते: वर्षातून एकदा साध्या, तटस्थ साबणाने मऊ ब्रशने धुणं, ब्राँझवर मेणाचा थर, ॲल्युमिनियमचा रंग दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा. पितळ चकचकीत करणारी पेस्ट वापरली तर अक्षरांच्या कडा झिजतात आणि कोपऱ्यांत पांढरं भरून बसतं. पंचवीस वर्षांनी मजकूरही तपासावा, नवे कागद सापडलेले असतात.

यावर आक्षेप असा की इतका व्याप केला तर उत्साही स्वयंसेवक थकतील, मंडळं फलक लावायचं सोडतील आणि शहर मुकं राहील. भीती खोटी नाही. पण शंभर फलकांची घोषणा करण्यापेक्षा पाच इमारतींपासून सुरुवात केली तर व्याप झेपतो: पहिले सहा महिने फाइली, मग मसुदा महिनाभर लोकांसमोर ठेवून हरकती, मग कागदी नमुना भिंतीवर, मग ओतकाम. हरकतींतून जे येतं ते अनेकदा समितीच्या सगळ्या वाचनापेक्षा मोलाचं असतं. एखाद्या घरातला जुना फोटो तारखेचा प्रश्नच मिटवतो. निधी मागताना देखभालीचा वाटा ओतकामाच्या खर्चातच धरावा, नंतर त्यासाठी कोणी पैसा देत नाही. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर शिडी लावून स्क्रू बघायला कोण जाणार, त्याचं नाव ओतायची ऑर्डर देण्याआधी नोंदवहीत लिहिलेलं असावं.